बोटीवरचा डॉक्टर

2022 साली नौदलात दाखल झालेल्या 'विक्रांत' या विमानवाहू नौकेवर 16 खाटांचं रुग्णालय आहे. लहान युद्धनौकेवर मात्र एक चिंचोळी खोली, एकटा डॉक्टर आणि हाताशी मेडिकल असिस्टंट. बोट डोलू लागली की पेशंटला पट्ट्यांनी टेबलाशी बांधायचं, पाय फाकवून उभं राहायचं, झुलत्या सलाइनकडे बघायचं नाही. कुणाचं अपेंडिक्स दुखू लागलं की खरी कसोटी: औषधांवर बंदरापर्यंत न्यायचं, की हेलिकॉप्टर मागवायचं? धुळ्याच्या हिरे मेडिकल कॉलेजात शिकताना अडलं की सरांना हाक मारता यायची. भर समुद्रात ती सोय नाही. एमबीबीएसनंतर शॉर्ट सर्व्हिस कमिशन घेऊन नौदलात जाता येतं, हे जळगाव-धुळ्याच्या पोरांना कुणीतरी आवर्जून सांगायला हवं. मी तर भेटेल त्याला सांगतो.