कझानचं काय करायचं?

टीवायला अमेरिकन साहित्याचा पेपर घेतला की आमच्या कॉलेजात एक ओरल द्यावी लागते. एक अमेरिकन चित्रपट निवडायचा, तो कोणत्या काळातून आला ते शोधायचं आणि हातात कागद न धरता दहा मिनिटं वर्गापुढे बोलायचं. मग प्रश्न. मी खाडीपलीकडच्या मनोरी गावची, दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. हॉलिवूड म्हणजे टीव्हीवर हिंदीतून बोलणारे डायनोसॉर, एवढंच ठाऊक. मॅडमनी फळ्यावर यादी लिहिली, त्यातलं एकही नाव मी ऐकलेलं नव्हतं. 'ऑन द वॉटरफ्रंट'पाशी आल्यावर त्या म्हणाल्या, "हा गोदी कामगारांचा आहे." मी हात वर केला. गोदीचं नाव तरी मी लहानपणापासून ऐकत आले होते.

चित्रपट 1954 सालचा, काळापांढरा. मार्लन ब्रँडो वाक्य तोंडातल्या तोंडात बोलतो. खाली अक्षरं लावूनही मला अर्धं कळेना. तो टेरी नावाचा माजी बॉक्सर, युनियनच्या गुंड पुढाऱ्याचा हस्तक. टेरीच्या सांगण्यावरून एक कामगार गच्चीवर जातो आणि तिथून खाली ढकलला जातो. पण तो का मारला गेला, युनियनच कामगारांच्या जिवावर का उठली, हे मला काही केल्या उमगत नव्हतं. आमच्याकडे युनियन म्हणजे मालकाशी भांडणारी.

उलगडा झाला तो सकाळच्या एका प्रसंगात. धक्क्यावर शेकडो माणसं उभी असतात. युनियनच्या पुढाऱ्याचाच मुकादम शिटी वाजवतो आणि मर्जीतल्यांना त्या दिवसाच्या कामाचे बिल्ले देतो. गर्दी रेटा देते तसा तो उरलेले बिल्ले जमिनीवर फेकतो आणि मोठमोठे बाप्ये त्यासाठी एकमेकांच्या अंगावर पडतात. हे मी थांबवून थांबवून पुन्हा पाहिलं. न्यूयॉर्क बंदरात खरोखर असंच चालायचं. मुकादमाला पगारातला वाटा परत द्यायला तयार असलेला कामगार खूण म्हणून कानामागे टूथपिक खोचून उभा राहायचा. माल्कम जॉन्सन या बातमीदाराने 1948 मध्ये 'न्यूयॉर्क सन'मध्ये लेखमाला लिहून हे उघड केलं आणि त्याला पुलित्झर मिळालं. चित्रपटातल्या फादर बॅरीमागेही खरा माणूस आहे: जॉन कॉरिडन हा जेझुइट पाद्री. कामगारांची बाजू घेऊन धक्क्यावर जाणारा पाद्री पाहून मला फार बरं वाटलं. मनोरीत अर्धं गाव चर्चला जातं, पण असा फादर मी कल्पनेतही पाहिला नव्हता.

आमच्या शेजारचे आजोबा मुंबई गोदीतून निवृत्त झालेत. त्यांना मी मोबाइलवर तो प्रसंग दाखवला. अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती, तरी ते लगेच म्हणाले, "अगो, हा टोळीवाला." त्यांचे वडील टोळीवाल्याच्या हाताखाली राबलेले. काम तोच देणार, मजुरीही त्याच्याच हातून येणार आणि त्यातलं किती घरी पोचायचं तेही तोच ठरवणार. पुढे 1948 साली गोदी कामगारांच्या नियमनाचा कायदा झाला, मग मुंबईत डॉक लेबर बोर्ड आलं, नावं नोंदली गेली. न्यूयॉर्कमध्ये बिल्ल्यांची ती पद्धत 1953 मध्ये कायद्याने बंद झाली. म्हणजे दोन्ही बंदरं एकाच दुखण्यातून साधारण एकाच वेळी बाहेर पडत होती. आजोबांनीच मला पी. डिमेलोंबद्दल सांगितलं. सीएसएमटीजवळच्या त्यांच्या नावाच्या रस्त्यावरून मी कितीदा गेले असेन, पण ते गोदी कामगारांचे पुढारी होते, 1958 मध्ये गेले आणि जॉर्ज फर्नांडिस त्यांच्याच हाताखाली तयार झाले, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

एवढ्यावर माझी दहा मिनिटं भरली असती. पण दिग्दर्शकाबद्दल वाचायला घेतलं आणि सगळं विस्कटलं.

एलिया कझान तरुणपणी थोडा काळ कम्युनिस्ट पक्षात होता. अमेरिकेत कम्युनिस्टांचा शोध सुरू झाला, तेव्हा एप्रिल 1952 मध्ये संसदेच्या समितीपुढे त्याने आपल्या जुन्या नाटकमंडळीतल्या आठ सोबत्यांची नावं सांगितली. त्या काळात असं नाव घेतलं गेलं की काम मिळणं बंद व्हायचं. पटकथा लिहिणाऱ्या बड शुलबर्गनेही नावं दिली होती. दोनच वर्षांनी दोघांनी हा चित्रपट केला, ज्यात टेरी चौकशी आयोगापुढे साक्ष देतो आणि नायक ठरतो. शेवटी टेरी जे ओरडून सांगतो ते माझंच म्हणणं होतं, असं कझानने आत्मचरित्रात लिहिलंय. चित्रपटाला आठ ऑस्कर मिळाली.

मला रडूच आलं. ज्या टेरीसाठी मी एवढी हळहळले तो कुणाची तरी सफाई निघाला! आणि हे मला जास्त लागलं, कारण गावात राहणाऱ्याला साक्ष म्हणजे काय ते माहीत असतं. गावातली भानगड खाडी ओलांडून पोलिसांत नेणाऱ्याशी पुढे लग्नाकार्यात कुणी धड बोलत नाही. साक्षीनंतर टेरीने पाळलेली कबुतरं मारली जातात, एक पोरगा मेलेलं कबूतर त्याच्या अंगावर फेकतो, ते मला समजावून द्यावं लागलं नाही.

मग नाटककार आर्थर मिलर सापडला. कझानचा जवळचा मित्र. गोदीवरचा चित्रपट आधी हे दोघं करणार होते. गुंडांच्या जागी कम्युनिस्ट दाखवा असा दबाव आला आणि मिलरने संहिता मागे घेतली. कझानच्या साक्षीनंतर मैत्री तुटली. 1953 च्या 'द क्रूसिबल' नाटकात मिलरचा नायक दुसऱ्यांची नावं सांगण्याऐवजी फाशी जातो.

ओरलच्या दिवशी माझ्या आधी एका मुलाने ब्लॅक पँथर आणि दलित पँथर हा विषय मांडला. ओकलंड 1966, मुंबई 1972. नामदेव ढसाळांचं नाव येताच मागच्या बाकांवरची कुजबूज थांबली. आपल्या माणसांतून अमेरिकेकडे जाता येतं, हे त्याचं ऐकताना मला पटलं आणि मी ठरवलेली सुरुवात बदलली. ब्रँडोऐवजी टोळीवाल्यापासून बोलायला लागले. माझं इंग्रजी अडखळत होतं, पण सांगण्यासारखं माझ्याजवळ होतं. 'गुलाम' या हिंदी चित्रपटातल्या आमिर खानचं मूळ या टेरीत आहे म्हटल्यावर सगळे ऐकू लागले.

प्रश्न आला तो मला ज्याची भीती होती तोच. 1999 मध्ये कझानला मानद ऑस्कर दिलं, तेव्हा सभागृहात काही जण हाताची घडी घालून बसून राहिले. तू टाळ्या वाजवल्या असत्यास का?

मी म्हटलं, चित्रपटाला वाजवल्या असत्या. पण टेरीची साक्ष आणि कझानची साक्ष एक नाही. टेरी खुनाबद्दल बोलतो, ज्यात त्याचाही हात लागलेला आहे, आणि ज्यांच्याविरुद्ध बोलतो ते त्याला मारू शकतात. कझानने ज्यांची नावं घेतली त्यांनी कुणाला मारलं नव्हतं. एकेकाळी ते एका पक्षात होते, इतकंच. आणि त्या खोलीत बळ समितीकडे होतं, त्यांच्याकडे नव्हतं. हे दोन प्रसंग एकच आहेत असं चित्रपट आपल्याला मानायला लावतो. तिथे मी त्याच्याबरोबर जात नाही.

मॅडम थोडं थांबून म्हणाल्या, "मग मिलरचं 1955 चं नाटक वाच. 'अ व्ह्यू फ्रॉम द ब्रिज'. त्यातही गोदी कामगारच आहे, आणि तोही खबर देतो. पण घरातल्यांचीच." ते मी वाचायला घेतलंय. त्यातला एडी आपल्या दारात आसरा घेतलेल्या पाहुण्यांची खबर सरकारला देतो आणि सगळी वस्ती त्याच्याकडे पाठ फिरवते. शेजारच्या आजोबांना मी रोज संध्याकाळी थोडं थोडं मराठीतून सांगते. ते अजून एडीच्या बाजूने आहेत.