आमचे कल्याण भिवंडीत!

'आपण कुठले?' असे कुणी विचारले की आम्ही जुने कल्याणकर छाती जरा पुढे काढतो. दुर्गाडी आमची, खाडी आमची, पारनाका आमचा! पण २००९ सालापासून लोकसभेची निवडणूक आली की या प्रश्नाचे उत्तर मी बेताबेताने देतो. कारण तेवढ्यापुरता मी भिवंडीचा असतो. कल्याण नावाचा लोकसभा मतदारसंघ आहे. नाही असे नाही. फक्त त्यात आमचे कल्याण नाही!

माझी धाकटी बहीण कल्याणातच, पण रुळांच्या पलीकडे, कोळसेवाडीला राहते. ती कल्याणची मतदार. भाचा कळव्याला असतो. घरपट्टी ठाणे महापालिकेत भरतो आणि खासदार मात्र कल्याणचा निवडतो. आणि ज्याच्या तीन पिढ्या या गावात गेल्या, तो मी शहापूर-मुरबाडच्या पंगतीला! भाऊबीजेला ओवाळताना बहीण म्हणाली, "दादा, तू आता आमचा परगावचा पाहुणा. ओवाळणीही त्या मानाने घाल हो!"

पण हे असे का झाले ते पाहिले म्हणजे राग थोडा निवळतो. १९७१ च्या जनगणनेवर बेतलेल्या सीमा १९७६ च्या घटनादुरुस्तीनंतर तशाच राहिल्या. सीमा थांबल्या, माणसे थोडीच थांबणार? मुंबईत बिऱ्हाड परवडेना, तशी ती डोंबिवली-कल्याणला उतरली आणि इथलीच झाली. भातखाचरे गेली, चाळी आल्या. चाळी गेल्या, इमारती आल्या. मतदारसंघ मात्र तोच एक, ठाणे. १९७७ साली रामभाऊ म्हाळगी तिथून निवडून आले, १९८९ आणि १९९१ साली राम कापसे. होता होता तो देशातल्या सर्वांत मोठ्या मतदारसंघांत जाऊन बसला. म्हणजे लहानशा मतदारसंघातल्या माणसाच्या मतापुढे आमचे मत वजनाला हलके! ही गोष्ट मला नावाच्या मानापमानापेक्षा मोठी वाटते.

मग न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगाने २००१ ची जनगणना धरून नवी आखणी केली. ती २००८ साली अमलात आली. डोंबिवलीला विधानसभेची स्वतःची जागा मिळाली. कल्याणचे पूर्व, पश्चिम आणि ग्रामीण असे तीन वाटे झाले. (या 'ग्रामीण'मध्ये दिव्याची गर्दी येते, हे ऐकून दिव्याला लोकल पकडणारा कुणीही हसेल.) राज्यात आमदार २८८, खासदार ४८, म्हणजे सहा जागांची एक मोळी. मोळ्या बांधताना मुंब्रा-कळवा कल्याणच्या मोळीत आले आणि कल्याण पश्चिम खाडी ओलांडून भिवंडीच्या मोळीत गेले.

हिशेबाबद्दल माझी तक्रार नाही. पण आमच्या बाजूने स्टेशनात शिरणारा माणूस लोकलचे गाऱ्हाणे घेऊन भिवंडीच्या खासदाराकडे जाणार आणि पलीकडून शिरणारा कल्याणच्या! स्टेशन एक, फलाट तेच, गर्दीही तीच. निदान मतदारसंघाला 'भिवंडी-कल्याण' म्हटले असते, तरी आम्हां म्हाताऱ्यांचे समाधान झाले असते.

२० मे २०२४ ला दोन्हीकडे एकाच दिवशी मतदान झाले. संध्याकाळी बहीण पूल उतरून आमच्याकडे आली. एरवी निवडणुकीवरून आमचे कडाक्याचे भांडण व्हायचे. यंदा तिचे उमेदवार वेगळे, माझे वेगळे. चहा संपला तरी भांडायला काही सापडेना.