पाहण्याचा कित्ता

फोटो पाहणे हे आपण फार सोपे काम समजतो. लग्नाचा आल्बम हाती आला, की आधी आपण स्वतःला शोधतो, मग आपल्या माणसांना, आणि मग पंगतीत कोण कोण बसले होते ते. ज्याने फोटो काढला तो बिचारा त्यात कुठेच नसतो. खरे म्हणजे तो पानोपानी असतो. आपण जिथून पाहत असतो, ती जागा त्याची असते, इतकेच.

ही जागा शोधून काढण्याचा मला अलीकडे नादच लागला आहे. मी स्वतः फोटो काढतो ते बेताचेच. पण दुसऱ्यांचे मात्र मनसोक्त पाहतो. सावल्यांवरून वेळ ताडावी, उंचीवरून माणूस उभा होता की गुडघ्यावर बसला होता ते ओळखावे. होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांचा एक फोटो आहे. विमानतळावर पंडित नेहरू आपल्या बहिणीची वाट पाहत उभे आहेत, आणि त्यांच्या शेजारीच पाटी आहे, की इथे फोटो काढायला सक्त मनाई! बाई दोन पावले बाजूला सरकल्या असत्या, तर पंडितजींचा एक चांगला फोटो तेवढा निघाला असता; गंमत निसटून गेली असती.

दुसरी माझी खोड म्हणजे फोटोचा एखादा भाग अंगठ्याने झाकून पाहणे. आंरी कार्तिए-ब्रेसाँचा १९३२ सालचा तो प्रसिद्ध फोटो घ्या. पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनामागे पाणी साचले आहे आणि एक गृहस्थ त्यावरून उडी मारतो आहे. टाच पाण्याला टेकणार, पण अजून टेकलेली नाही. खाली पाण्यात उलटा दुसरा गृहस्थ. इतके सर्वांनाच दिसते. पण मागच्या भिंतीवरचे पोस्टर नीट पाहा: त्यातही एक आकृती अशीच हवेत झेपावलेली आहे! ती अंगठ्याखाली झाका. राहतो तो फक्त बूट भिजू नयेत म्हणून धडपडणारा माणूस. अंगठा काढा, की तोच माणूस नाचू लागतो. हा खेळ मी किती वेळा खेळलो असेन, कोण जाणे.

आणि या ब्रेसाँलाही कुणीतरी वाट दाखवली होतीच. मार्टिन मुंकाची नावाच्या हंगेरियन छायाचित्रकाराने १९३० च्या सुमारास टांगानिका सरोवराकाठी तीन पोरे टिपली. उघडीनागडी, लाटांत धावत शिरणारी, तिन्ही पाठमोरी. एकाचाही चेहरा दिसत नाही आणि तरी आनंद अंगाअंगातून उसळतो आहे. तो फोटो पाहून ब्रेसाँला कॅमेऱ्याने काय करता येते ते उमगले. तो काही धावणाऱ्या पोरांच्या मागे लागला नाही. पुढे जयपूरच्या रघुबीर सिंगला शाळकरी वयात घरातच ब्रेसाँचे जयपूरवरचे पुस्तक सापडले. १९६६ साली तर ब्रेसाँला जयपुरात काम करताना त्याने डोळ्यांनी पाहिले. आणि मग या चेल्याने काय करावे? गुरूची कीर्ती काळ्या-पांढऱ्या चित्रांवर उभी, तर याने १९९९ साली मरेपर्यंत भारत पाहिला तो रंगांत!

आम्हा मास्तरांना याचे नवल वाटत नाही. चाळीस मुलांनी एकच कित्ता गिरवला तरी अक्षरे चाळीस तऱ्हांची निघतात. वहीवरचे नाव न वाचता मी मूल ओळखतो. कादंबरीकार मंडळी मात्र उसनवारीचे नाव काढले की दचकतात.

नववीतल्या एका मुलाला मी हे सारे फोटो शाळेच्या संगणकावर दाखवले. त्याने पावसाळ्यात वडिलांचा मोबाइल मागून आणला, आणि एस. टी. स्टँडमागच्या डबक्यावरून आपल्या मित्राला दहा वेळा उड्या मारायला लावल्या. आमचे एक सहकारी म्हणाले, "ही शुद्ध नक्कल!" होतीच. पण अकराव्या फोटोत मित्र दमून, चपला हातात घेऊन, उडी मारावी की वळसा घालून जावे अशा विचारात उभा आहे. तो फोटो त्या पोराचा स्वतःचा. पॅरिसमध्ये तो निघाला नसता.

दिवाळीच्या तोंडावर हाच मुलगा आणि त्याची आजी यांच्यात तंटा लागला. आजी उंबऱ्याशी सूप घेऊन पाखडत होती. मागून उन्हे येत होती. कोंडा सोन्यासारखा उडतो आहे आणि मधोमध आजीची काळी आकृती, असा त्याचा फोटो. तालुक्याला जाऊन त्याने तो मोठा छापून आणला. आजीने तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "ह्यात माझं तोंड कुठाय रं?"

मुलगा फोटो घेऊन तडक माझ्याकडे आला, आणि मागोमाग आजीही. तो म्हणाला, "सर, त्या तळ्यातल्या पोरांची तोंडं तरी कुठं दिसतात? तुम्हीच सांगा हिला."

मी संगणकावर तो फोटो काढून दाखवला. आजीने पदर सावरून तो बराच वेळ पाहिला. "ग्वाड हायेत पोरं," ती म्हणाली, "पन त्येंचं अजून लई फोटू निघत्याल. माझं किती?"

यावर मुंकाचीकडे उत्तर असेल तर असो, माझ्याकडे नव्हते.

मुलाने दुसऱ्या दिवशी आजीला इरकल लुगडे नेसवून खुर्चीवर बसवले. हात गुडघ्यांवर, नजर कॅमेऱ्यात, कपाळावरचे गोंदण अन् गोंदण स्पष्ट. हा फोटो काढायला तो खाली बसला होता, हे पाहताच माझ्या ध्यानात आले; आजी त्यात उंच दिसते. तो आता त्यांच्या भिंतीवर आहे. कोंड्याचा फोटो आजीने घरात ठेवू दिला नाही, म्हणून तो माझ्या टेबलाच्या खणात आहे, आणि मुलगा मधल्या सुट्टीत येऊन तो पाहून जातो.