सीमेची साक्ष

बहुतेक कोड्यांत काही तरी हरवलेले असते, काही तरी जागचे हललेले असते, किंवा काही तरी मुद्दाम दडवून ठेवलेले असते. परंतु सायमन टॅथम या इंग्रज संगणकतज्ज्ञाने २००४ साली आरंभिलेल्या आपल्या कोड्यांच्या संग्रहात ‘नेट’ नावाचा जो खेळ ठेवला आहे, त्यात यांपैकी एकही प्रकार नाही. पाच उभ्या आणि पाच आडव्या ओळींच्या चौकटीत पंचवीस तुकडे मांडलेले असतात, प्रत्येकावर तारेचा एखादा अंश रेखलेला असतो, मधोमध विजेचा उगम असतो, आणि कळ दाबली की तुकडा आपल्या जागीच पाव फेरा वळतो. सर्वांना उगमाशी जोडावयाचे, आणि जोडताना तारेचे वेटोळे कोठेही पडू द्यावयाचे नाही, एवढीच शर्त. कोणालाही आपले घर सोडावे लागत नाही; जो जेथे आहे तेथेच त्याची नेमणूक आहे, बिघडली आहे ती केवळ दिशा. या एका गोष्टीमुळे हा खेळ मला इतर सर्व कोड्यांहून अधिक प्रिय आहे.

तुकड्यांच्या जाती मोजक्याच: एकाच बाजूस तार असलेले टोक, सरळ तार, काटकोन आणि तिहेरी फाटा. चारी बाजूंस तारा असलेली चौफुली कर्त्याने टाळली आहे, आणि ते योग्यच झाले, कारण कशीही फिरवली तरी जी बदलत नाही तिला विचारण्यासारखे काहीच उरत नाही. प्रत्येक तुकड्याच्या चार अवस्था धरल्या, तर पंचविसांच्या मिळून ज्या मांडण्या होतात त्या मोजावयास एकावर पंधरा शून्ये मांडूनही ती संख्या किंचित अपुरी पडते. सरळ तारेला वस्तुतः दोनच अवस्था असल्यामुळे खरा आकडा काही पटींनी उतरतो, तथापि एकेक मांडणी तपासून पाहण्याचा विचार मनात येऊ नये इतका तो अवाढव्य राहतोच. एवढ्यांतून ग्राह्य अशी मांडणी एकच असते, आणि तर्काने तिच्यापर्यंत पोचता यावे याची तजवीज कोडे रचतानाच केलेली असते.

एकाच चौरसाला फिरवून त्यातून अमाप वैचित्र्य निघते, या आश्चर्याची परंपरा जुनी आहे. सेबास्त्यँ त्रुशे हा फ्रेंच कार्मेलाइट साधू कालव्याच्या कामानिमित्त ओर्लेआँकडे गेला असता, प्रार्थनामंदिराच्या जमिनीसाठी आणलेल्या, कर्णावर दोन रंगांत विभागलेल्या फरश्या त्याच्या दृष्टीस पडल्या, आणि त्यांच्या चार दिशांतून किती नक्षी संभवतात याचा शोध घेणारा निबंध त्याने १७०४ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे ठेवला. त्या फरश्यांना मात्र नियम नव्हता. कोणतीही मांडणी सारखीच सुंदर. ‘नेट’मध्ये नियम येतो तो वीजशास्त्राच्या बाजूने. १८४७ साली गुस्ताव्ह किर्खोफ यांनी विद्युत्‌मंडलांचा विचार करताना ज्या वेटोळेविरहित जाळ्यांचा आश्रय केला, आणि दहा वर्षांनी आर्थर केली यांनी ज्यांना वृक्ष म्हटले, तेच जाळे येथे उभे करावयाचे असते: पंचवीस घरे आणि त्यांच्यामध्ये नेमके चोवीस सांधे, एक कमी नाही, एक अधिक नाही. पाच बाय पाचच्या चौकटीवर असे ५५,७५,६८,००० वृक्ष काढता येतात. चौफुल्यांचे वगळले, तरी एका आयुष्याला पुरून उरतील.

नवखा मनुष्य स्वाभाविकपणे उगमापासून आरंभ करतो. मधला तुकडा वळवावा, शेजारची तार फिकट निळ्या तेजाने उजळावी, तिच्यापुढची उजळावी, आणि प्रकाश पसरत जाईल तसा आपला विजय पसरतो आहे असे वाटावे, यात मोठे आकर्षण आहे. परंतु तो उजेड एवढेच सांगतो की ही तार या क्षणी उगमाशी जोडलेली आहे. चुकीच्या दिशेला वळलेला तुकडाही तितक्याच तेजाने उजळतो, आणि सर्वस्वी बिनचूक बसलेला एखादा तुकडा कोपऱ्यात शेवटपर्यंत काळाच राहतो. म्हणून तेजावर विसंबून केलेला फैसला टिकत नाही.

टिकतो तो कडेवरचा. भूमापन खात्याचा मोजणीदार जसा प्रथम हद्दीचे दगड शोधतो, तसे येथे सीमेवरच्या तुकड्यांची जबानी आधी घ्यावी. कोपऱ्यातल्या काटकोनाला एकच मार्ग असतो. कडेवरची सरळ तार कडेला समांतरच राहिली पाहिजे. कडेवरच्या तिहेरी फाट्याने भिंतीकडे पाठ केलीच पाहिजे, आणि त्याने ती केली की तिन्ही शेजाऱ्यांना त्याच्याकडे हात पुढे करणे भाग पडते. निश्चित झालेल्या तुकड्याला कुलूप लावण्याची मुभा आहे. त्याची जमीन किंचित गडद होते, आणि ही गडद पट्टी कडेकडून आत आत सरकत उगमापर्यंत पोचते, तेव्हा ज्या मध्याला आपण सर्वांचा आधार समजत होतो तोच सर्वांच्या शेवटी ठरतो. अनुमानाची ही शिस्त, जीत एकही पाऊल अंदाजाने टाकावे लागत नाही, मला विलक्षण मोहक वाटते.

आणि हे सारे विनामूल्य. संगणकाच्या ब्राउझरमध्ये चौकट उघडावी, खेळावे, मिटावी. नोंदणी नाही, जाहिरात नाही, उद्या पुन्हा येण्याचा तगादा नाही. टॅथम यांनी ‘पुटी’ हे आपले विख्यात साधन जगाला मोफत दिले, त्याच वृत्तीने हा संग्रहही, आज्ञावलीसकट, कोणीही घ्यावा, बदलावा, वाटावा असा मोकळा ठेवला आहे. मनोरंजनाचा बाजार माणसाच्या अवधानावर टपलेला असताना, ज्या खेळाला खेळणाऱ्याकडून काहीच नको आहे, त्याच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो.

याच खेळाचा आणखी एक प्रकार आहे. त्यात डावी कड उजवीला आणि वरची खालच्या कडेला जोडलेली असते. डावीकडे निघून गेलेली तार उजवीकडून आत येते. सीमाच नसल्यामुळे सीमेची साक्षही नाही, आणि वर सांगितलेली सारी रीत निरुपयोगी होते. तेथे मी परस्परांना लागून असलेली दोन टोके हुडकतो. ती कधीही समोरासमोर तोंड करू शकत नाहीत, केले तर ती दोनच एकमेकांना जोडली जाऊन बाकीच्या जाळ्यापासून तुटतील. तेव्हा त्यांच्यामध्ये तार नाही, एवढे तरी पहिल्याच दृष्टिक्षेपात निश्चित होते, आणि त्या एका नकाराला कड मानून काम सुरू करता येते.