अठ्ठाविसावा गडी

मैदानावर एखादा दुर्मिळ पराक्रम घडावयाचा असला म्हणजे तो कोणाच्या दृष्टीस पडावा, याला कांहीं नियम नाहीं. वर्षानुवर्षें मैदानाच्या पायऱ्या झिजविणाऱ्या रसिकाला जें पाहावयास मिळत नाहीं, तें एखाद्या आगंतुक पाहुण्याला पहिल्याच खेपेस दिसून जातें. मी अशा आगंतुकांपैकीं एक आहें. बेसबॉल या खेळांतला एक अत्यंत विरळा पराक्रम २०१० सालीं माझ्या डोळ्यांदेखत घडला. आणि नवल असें कीं, त्या खेळाच्या नोंदवहींत तो आजही सांपडत नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांना या खेळाची ओळख नसेल, म्हणून दोन शब्द अगोदर सांगतों. आपल्याकडे जसा गोलंदाज, तसा तेथें पिचर. सुमारें साठ फुटांवरून तो चेंडू टप्पा न पाडतां फेकतो. फलंदाजानें तो टोलवून धांवत सुटावें आणि निदान पहिला बेस तरी गांठावा, अशी त्याची खटपट असते. एका संघाचे नऊ डाव, प्रत्येक डावांत तीन गडी बाद, म्हणजे एकंदर सत्तावीस. हे सत्तावीस गडी ओळीनें बाद झाले आणि त्यांतल्या एकालाही पहिल्या बेसवर सुखरूप पाय टेकतां आला नाहीं, तर त्या सामन्यास तेथें पर्फेक्ट गेम म्हणतात. १८८० पासून २०२३ च्या अखेरपर्यंत अमेरिकेंतील मुख्य स्पर्धांत दोन लाखांहून अधिक सामने झाले. त्यांत असे सामने अवघे चोवीस. १९५६ च्या ऑक्टोबरांत डॉन लार्सन यानें तर हा पराक्रम वर्षाच्या अंतिम स्पर्धेंत, न्यूयॉर्क येथें, ब्रुकलिनच्या संघाविरुद्ध केला. त्याच वर्षीं जुलैंत मँचेस्टर येथें जिम लेकरनें कसोटी सामन्यांत एकोणीस बळी घेतले होते. चेंडू फेकणाऱ्यांच्या दैवांत तें साल कांहीं निराळेंच असावें!

त्या वर्षीं उन्हाळ्याच्या सुट्टींत मी डेट्रॉइट येथें माझ्या ताईकडे गेलों होतों. आमचे दाजी तेथें मोटारींच्या कारखान्यांत इंजिनिअर. मे महिन्यांत तेथील वर्तमानपत्रें याच विषयानें भरलेलीं होतीं. कारण ९ मे रोजीं ओकलंड येथें डॅलस ब्रेडन यानें आणि २९ मे रोजीं रॉय हॅलडे यानें असा सामना जिंकला होता. ब्रेडन लहान वयांत मातेस अंतरलेला. सामना संपतांच त्यानें आपल्या आजीला मिठी मारली. योगायोग असा कीं, तो दिवस अमेरिकेंतला मातृदिन होता. ही हकीकत ताईनेंच मला वाचून दाखविली. एका महिन्यांत दोन वेळां ही गोष्ट झाली, तेव्हां आतां पुढें कित्येक वर्षें ती होणार नाहीं, असें दाजी म्हणाले.

बुधवार, २ जून. डेट्रॉइटच्या टायगर्स संघाचा सामना क्लीव्हलंडच्या संघाशीं होता. पिचर होता आर्मांडो गॅलारागा, व्हेनेझुएला देशांतला तरुण. दोनतीन आठवड्यांपूर्वींच त्याला दुय्यम संघांतून वर बोलाविलेलें. त्याचें नांव ऐकून कोणी मुद्दाम तिकीट काढावें, अशी त्याची ख्याति नव्हती. मैदानावर सतरा हजारांच्या वर माणसें असतील. पुष्कळशा खुर्च्या रिकाम्या दिसत होत्या.

खरें सांगावयाचें तर पहिले पांच डाव मला नीरस वाटले. फलंदाज येई, चेंडू मारी, कोणी तरी तो अडवी, फलंदाज परत जाई. सहाव्या डावानंतर मात्र सभोंवतालची बोलणीं कमी होऊं लागलीं. माझा भाचा दहा वर्षांचा. तो मोठ्यानें म्हणाला, "मामा, अजून एक पण माणूस..." इतक्यांत दाजींनीं त्याच्या तोंडावर हात ठेवला. असा सामना चालू असतां त्याचें नांव उच्चारूं नये, असा तेथें संकेत आहे. संघांतले सोबतीही पिचरशीं बोलत नाहींत. विमानें उडविणाऱ्या देशांत हा सोंवळेपणा पाहून मला हंसूं आलें. पण आठव्या डावापर्यंत मीही श्वास रोखून बसलों होतों, हें कबूल केलें पाहिजे.

नवव्या डावाचा पहिला फलंदाज ग्रुडझिलानेक. त्यानें चेंडू दूरवर, डाव्या-मधल्या कोपऱ्याकडे टोलविला. संपलें, असें मला वाटलें. परंतु ऑस्टिन जॅक्सन हा तरुण क्षेत्ररक्षक मैदानाकडे पाठ करून धांवत सुटला आणि खांद्यावरून येणारा चेंडू त्यानें पळतां पळतां झेलला. गॅलारागानें त्या दिवशीं अवघ्या तिघांना चेंडू चुकवून स्वतः बाद केलें होतें. बाकीचे बहुतेक असेच सोबत्यांच्या हातांनीं गेले. आपल्या अनिल कुंबळेनें १९९९ सालीं दिल्लीस पाकिस्तानचे दहाही गडी टिपले, तेव्हां शेवटचा बळी त्यालाच मिळावा म्हणून श्रीनाथनें मुद्दाम यष्टींपासून दूर चेंडू टाकले होते. नोंदवहींत नांव एकट्याचें लागतें, एवढेंच.

सव्विसावा गडीही गेला. सत्ताविसावा जेसन डोनल्ड. त्यानें चेंडू पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मध्यें जमिनीलगत मारला. काब्रेरानें तो अडविला आणि वळून फेकला. गॅलारागा स्वतः धांवत पहिल्या बेसवर गेला, चेंडू झेलला, पाय बेसवर टेकला. डोनल्ड अजून एक पाऊल मागें होता. सारें मैदान उठून उभें राहिलें. आणि पंच जिम जॉइस यांनीं दोन्ही हात आडवे पसरले. सुखरूप!

त्या क्षणीं मी पंचांकडे पाहत नव्हतों, पिचरकडे पाहत होतों. दाजींच्या दुर्बिणींतून त्याचा चेहरा स्पष्ट दिसला. तो हंसला. त्या हंसण्यांत उपहास नव्हता. एखादा मनुष्य न पटणारी बातमी ऐकून हंसतो, तसें तें होतें. संघाचे व्यवस्थापक धांवत आले, सोबती ओरडूं लागले, प्रेक्षकांचा आरडाओरडा तर विचारूं नये. गॅलारागा एक शब्दही बोलला नाहीं. तो परत आपल्या जागीं गेला आणि त्यानें अठ्ठाविसाव्या गड्यास चेंडू टाकला. ट्रेव्हर क्रो हा तो फलंदाज. तोही बाद झाला. एकंदर अठ्ठ्याऐंशीं चेंडू, एक तास चव्वेचाळीस मिनिटें.

सामना संपल्यावर जॉइस यांनीं चित्रफीत पाहिली. वीस वर्षांहून अधिक काळ पंचाचें काम केलेला हा गृहस्थ. त्या मुलाचा पर्फेक्ट गेम आपण घालविला, असें त्यांनीं पत्रकारांसमोर सरळ सांगितलें. कारण शोधलें नाहीं, कीं उजेडाला दोष दिला नाहीं. मग त्यांनीं गॅलारागाची भेट घेऊन रडत रडत क्षमा मागितली आणि त्यानें त्यांना मिठी मारली. जगांत निर्दोष कोणीच नसतो, असें तो म्हणाला.

दुसरे दिवशीं दुपारीं पुन्हा त्याच दोन संघांचा सामना होता, आणि मुख्य पंचाची पाळी जॉइस यांचीच होती. सुट्टी घेण्याची मुभा असतांही ते आले. दाजी कामावर गेले होते. ताईला, मला आणि भाच्याला राहवेना. खेळापूर्वीं खेळाडूंच्या नांवांची यादी पंचांकडे द्यावयाची असते. तें काम व्यवस्थापकांनीं त्या दिवशीं गॅलारागाकडे सोंपविलें. तो यादी घेऊन गेला. जॉइस यांनीं ती घेतली, डोळे पुसले आणि त्याच्या खांद्यावर थाप मारली. कांहीं लोक पंचांविरुद्ध ओरडले, पण टाळ्या कितीतरी अधिक होत्या. ताई डोळ्यांना पदर लावून बसली होती. तिला या खेळांतलें कांहींच कळत नसे.

निर्णय फिरवावा, असा आग्रह देशभर झाला. खेळाचे मुख्य अधिकारी बड सेलिग यांनीं तो मानला नाहीं. दाजींचें आणि माझें त्यावरून त्या रात्रीं कडाक्याचें भांडण झालें. दाजींचें म्हणणें, सत्य सर्वांनीं पाहिलें आहे, खुद्द पंच कबूल करतात, मग लिहावयास काय हरकत? माझें म्हणणें असें कीं, मैदानावर दिलेला निकाल दुसरे दिवशीं कचेरींत बसून बदलूं लागलों, तर कोणताच सामना कधीं संपणार नाहीं. आजही माझें मत तेंच आहे; मात्र पहिल्याइतक्या ठामपणें मी तें मांडीत नाहीं. २०१४ पासून असे निर्णय तेथल्या तेथें चित्रफितीवरून तपासण्याचा नियम झाला. तो आधीं असता, तर गॅलारागाचें नांव यादींत असतें.

आमच्या वर्गांत हा वाद मी अधूनमधून लावून देतों. २०२१ च्या डिसेंबरांत मुंबईंतच जन्मलेल्या एजाझ पटेलनें न्यूझीलंडकडून खेळतांना वानखेडे मैदानावर भारताचे दहाही गडी बाद केले. त्याचा संघ मात्र ३७२ धावांनीं हरला. मुलांचा प्रश्न असा कीं, दोघांत अधिक दुर्दैवी कोण? मुलगे बहुधा गॅलारागाच्या बाजूनें हात वर करतात. गेल्या वर्षीं नववींतल्या एका मुलीनें मात्र हात वर न करतां मलाच विचारलें, "सर, तो हंसला तेव्हां डोनल्ड बाद आहे हें त्याला ठाऊक होतें का?"

मीं तिला सांगितलें, "चेंडू त्याच्या हातांत होता आणि पाय त्याचा बेसवर होता. त्याच्याहून अधिक कोणाला ठाऊक असणार?"