शिडीची पायरी

आमच्या आधीच्या पिढ्या डोंगर चढल्या त्या मोळीसाठी. हौसेखातर उंची गाठावी, ही कल्पनाच आमच्या वस्तीला परकी होती. त्यामुळे महाराष्ट्रातील सर्वोच्च, १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाई शिखरावर शाळेची सहल नेण्याचे ठरले, तेव्हा पन्नाशी ओलांडलेला मी मनातून धास्तावलो.

बारी गावातून चढ सुरू झाला. कातळावरील लोखंडी शिडीपाशी माझे पाय थरथरू लागले. मागची सातवीतली मुलगी म्हणाली, "सर, खाली बघू नका. पुढचीच पायरी बघा."

मालावत पूर्णाची कथा मीच वर्गात सांगितली होती. आजच्या तेलंगणातील समाजकल्याण निवासी शाळेची ही आदिवासी विद्यार्थिनी २५ मे २०१४ रोजी, वयाच्या तेराव्या वर्षी, एव्हरेस्टच्या माथ्यावर उभी राहिली. सांगितलेला तो धडा आता मला गिरवायचा होता. एकेक पायरी मोजत मी शिखर गाठले.

भय नाहीसे झाले नव्हते. भयासह पाऊल उचलता आले, एवढेच. वसतिगृहातील पहिल्या रात्री आईच्या आठवणीने रडणारे आणि सकाळी प्रार्थनेच्या रांगेत उभे राहणारे प्रत्येक मूल हेच धैर्य दाखवत असते.