बाळंतिणीची राखण

प्रसूतीचा समय समीप आलेली मांजरी घरातील एकेक कोपरा ज्या बारकाईने पारखते, तो प्रकार ज्याने लक्षपूर्वक पाहिला आहे, त्याला मुक्या प्राण्याच्या ठायी केवळ अंधप्रेरणा नांदते हे मत सहजासहजी पटणार नाही. 63 ते 65 दिवसांचा गर्भकाल संपत आला की ती फडताळात शिरते, माळ्यावर चढते, पलंगाखालच्या ट्रंकेमागे अंग घालून पाहते, आणि प्रत्येक ठिकाणी काही क्षण बसून तेथील उजेड, वारा व येणाऱ्याजाणाऱ्यांची वर्दळ यांची खात्री करून घेते. साताऱ्याच्या आमच्या जुन्या घरात मनीसाठी आम्ही एक लाकडी खोके पुसून, त्यात जुन्या लुगड्यांच्या घड्या अंथरून सर्व बंदोबस्त केला होता; परंतु तिने तो नाकारला आणि आजोबांच्या दप्तराच्या फडताळातील तळचा कप्पा पसंत केला, जेथे खरेदीखते, गहाणखते आणि दिवाणी दाव्यांचे हुकूमनामे रुमालांत बांधून ठेवलेले होते. "बाळंतिणीने जागा धरली, आता तिला हलवायचं नाही," एवढेच आत्या म्हणाली, आणि तीन पिढ्यांच्या मालकीचे ते कागद वडिलांनी निमूटपणे माळ्यावर नेऊन ठेवले.

आत्याने बाळंतपणे घरीच होत असत त्या काळात सुईणीच्या जोडीला बसून अनेक रात्री जागवल्या होत्या, आणि कळा सोसणाऱ्या जिवाजवळ कसे बसावे हे तिला ठाऊक होते. मांजरीचे तापमान, जे एरवी 38 ते 39 अंशांच्या आसपास असते, ते प्रसूतीच्या आदल्या दिवसाभरात सुमारे एका अंशाने उतरते, हे मला पशुवैद्यांनी सांगितले होते. आत्याला मनीने ताटलीतील मासळीकडे पाठ फिरवली एवढ्यावरून ते समजले. कित्येक मांजरी अशा वेळी माणसाची सावलीही सोसत नाहीत, आणि त्यांना एकांत देणे हीच त्यांची सेवा होय. मनीचे उलट होते. मी उठून दाराकडे वळलो की ती वेणा देत असतानाही कप्प्यातून उतरून माझ्यामागे येई, आणि मी परत येऊन बसल्यावरच पुन्हा आडवी होई. "तू हात लावू नकोस, पण उठूनही जाऊ नकोस," आत्या म्हणाली. सेवेचे जे काही शास्त्र असेल ते मला या एका वाक्यात सापडले असे मी मानतो. कारण दुसऱ्याच्या वेदनेसमोर काहीतरी करून टाकण्याची जी अधीरता आपल्याला करुणा वाटते, तिच्यात आपली स्वतःची अस्वस्थता शमवण्याची घाईच पुष्कळदा अधिक असते.

पिलू पातळ पारदर्शक वेष्टनात गुंडाळलेले जन्मते. कधी डोक्याकडून, कधी मागील पायांकडून, आणि मांजरात हे दोन्ही प्रकार स्वाभाविक समजावेत. मांजरी दातांनी ते वेष्टन फाडते, खरखरीत जिभेने नाक-तोंड मोकळे करते, आणि त्या चाटण्याच्या धसमुसळेपणानेच पिलाचा पहिला श्वास चालू होतो. मग ती नाळ तोडते व वार खाऊन टाकते. पाहणाऱ्याला याची शिसारी येते खरी. परंतु रानातल्या पूर्वजांच्या काळी रक्ताचा वास मागे न ठेवणे हाच पिलांचा बचाव होता, आणि उपाशी बाळंतिणीला तेवढेच अन्न मिळे. दोन पिलांमध्ये दहा मिनिटे जातात तशी तासही जातो. मध्येच ती विसावते, आलेल्यांना पाजते, पाणी पिते. ही विश्रांती निराळी, आणि जोराच्या कळा अर्धा तास चालूनही पिलू न येणे ही अडणूक निराळी. पहिल्या स्थितीत स्वस्थ बसावे व दुसरीत विनाविलंब दवाखाना गाठावा, हा विवेक राखणदाराला हवाच.

मनीचे तिसरे व चौथे पिलू लागोपाठ आले. ती तिसऱ्याच्या नाळेत गुंतलेली असताना चौथे वेष्टनातच निश्चल पडले होते. आत्याने क्षणभर मनीकडे पाहिले, मग नखाने तो पडदा फाडला, पिलाचे तोंड पुसले, आणि कोरड्या पंच्याने त्याची पाठ ते बारीकसे ओरडेपर्यंत चोळली. तेथवर कोणीही केले असते. परंतु ते ओरडताच तिने त्याला मनीच्या तोंडाशी ठेवले आणि हात मागे घेतला. वाचवलेला जीव ओंजळीत धरून थोडे कौतुक करण्याचा मोह तिला झाला नाही, आणि हे मला वाचवण्याहून कठीण वाटते.

नवजात पिलाचे वजन जेमतेम 100 ग्रॅम. डोळे मिटलेले, कान बंद, आणि स्वतःची ऊब स्वतः राखण्याचे सामर्थ्य नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात कप्प्यात 30 अंशांच्या आसपास ऊब असावी, आणि फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली एकाच बाजूस ठेवावी, म्हणजे अधिक झाल्यास पिलांना दूर सरकता येते. गारठलेल्या पिलाला आधी ऊब द्यावी, दूध मागाहून. थंड पडलेल्या पोटात ते पचत नाही. गाईचे दूध तर देऊच नये. आईचा चीक पहिल्या दिवसातच पोटात जाणे अगत्याचे, कारण रोगांपासून संरक्षण त्यातूनच मिळते. काही दिवसांतच बहुतेक पिले आपापले स्तन ठरवून घेतात आणि आंधळेपणीही वासावरून तेथेच जातात. जेथे इतकी वर्षे वहिवाटीचे दाखले पडून होते, तेथेच हा नवा हक्क निर्विवाद प्रस्थापित होताना पाहून माझे वडील, जे प्रारंभी कागदांसाठी कष्टी होते, रोज संध्याकाळी कंदील घेऊन तेथे येऊन बसू लागले. पाचव्या रात्री आत्याने सटवाईच्या नावाने फडताळापुढे हळदकुंकू वाहिले. बंगालात षष्ठीदेवीचे वाहन मांजरच आहे, हे मी तिला सांगितले, तेव्हा तिला त्यात काहीच नवल वाटले नाही.

मांजर पिलांना सात घरे फिरवते अशी आपल्याकडे समजूत आहे. वैष्णव आचार्यांच्या एका परंपरेने ईश्वरी कृपेचे स्वरूप सांगण्यासाठी मार्जारन्याय योजला : माकडाचे पोर आईला घट्ट धरून राहते, मांजरीचे मात्र मान पकडताच अंग सैल सोडून देते. त्या न्यायात पिलाच्या शरणागतीचा विचार सूक्ष्म आहे. माझे मन मात्र उचलणारीकडे जाते. वर्दळ वाढली, जागा मळली, बोक्याचा वास आला, यांपैकी काय तिने जाणले हे आपल्याला कळत नाही, परंतु निर्णय तिने एकटीने घ्यायचा असतो, आणि चार पिलांपैकी एकाला नेताना उरलेल्यांना मागे ठेवण्याचे भय तीन वेळा सोसायचे असते. तिने स्थलांतर केले तर तिच्यामागे टोपली घेऊन धावू नये. कप्पा कोरडा व जागा शांत राखावी, आणि दुपटी-तिपटीने वाढलेली तिची भूक भागेल असे अन्नपाणी जवळ ठेवावे.

पिले पोत्यात घालून नदीपलीकडे वा मंडईत सोडून येणारी माणसे क्रूरच असतात असे नाही, ती बहुधा पुढची तजवीज आधी न केलेली असतात; परंतु पिलांना दोन्हींचा परिणाम एकच. दोन महिन्यांच्या आत पिलू आईपासून तोडू नये, आणि पाजत असतानाही मांजरी पुन्हा गाभण राहू शकते म्हणून तिला बोक्यांपासून सांभाळून, दूध तुटल्यावर तिची शस्त्रक्रिया करून घ्यावी. मनीची ती झाली. पिलांपैकी दोन धान्याच्या वखारीत गेली, एक शेजारच्या वाड्यात. चौथे, जे आत्याने चोळून जागे केले होते, ते कोणाला द्यायचे हा प्रश्न वडिलांनी कोणालाही विचारू दिला नाही, आणि दप्तराचे रुमाल अजून माळ्यावरच आहेत.